पाळी यायच्या आधीचे दिवस

वाचकांचे प्रश्न

बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा आहे, पण गोळ्या, इंजेक्शन किंवा तांबी नको, नैसर्गिक मार्ग सांगा, अशी पत्रं या महिन्यात बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक समज डोकावतो: पाळी सुरू होईल तेव्हा बघू. बीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडतं. त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसते, तेव्हा दिवस राहण्याची पहिली संधी येऊन गेलेलीही असू शकते. खालची सगळी उत्तरं हे धरूनच वाचावीत.

बाळ तीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. पाळी आलेली नाही. ‘अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत,’ असं आई म्हणते. यावर कितपत विसंबावं?

आई म्हणतात ते खरं आहे, पण त्याला तीन अटी आहेत, आणि घरोघरी सल्ला पोचतो तो अटी गाळून. पहिली अट, बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी. दुसरी, बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच पीत असावं. तिसरी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील, तर संरक्षण ९८ टक्क्यांहून अधिक मिळतं. इटलीतल्या बेलाजिओ इथे १९८८ साली जमलेल्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष मांडला आणि नंतरच्या अभ्यासांत तो टिकला. रोजच्या व्यवहारात, थोड्याफार चुका धरून, सहा महिन्यांत १०० पैकी साधारण २ जणींना दिवस राहतात.

हे घडतं कसं ते समजलं की अटी पाठ कराव्या लागत नाहीत. बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्रातून मेंदूला संदेश जातो. बीजकोषातलं बीज पिकावं म्हणून मेंदूकडून ठरावीक अंतराने जे संप्रेरकांचे ठोके पडतात, ते या संदेशामुळे मंदावतात. चोखणं पुन्हा पुन्हा झालं, की बीज पिकण्याइतका जोर येतच नाही. मध्ये मोठी खंड पडली की ठोके पुन्हा लय पकडू लागतात. म्हणून दूध किती येतं यापेक्षा बाळ दिवसरात्रीत किती वेळा अंगावर येतं हे इथे मोजायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत १० ते १२ वेळा आणि पुढे ८ ते १० वेळा, त्यात रात्री निदान एकदा, हे प्रमाण चांगलं. दिवसा दोन पाजण्यांत ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर नको.

‘जवळजवळ पूर्णपणे’ म्हणजे बाळाच्या एकूण पिण्या-खाण्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक वेळा अंगावरचंच. औषधाचे थेंब किंवा क्वचित चमचाभर दुसरं काही दिल्याने बिघडत नाही. बिघडतं ते रोजची एक बाटली ‘फक्त झोपताना’ म्हणून सुरू होते आणि महिन्याभरात तिच्या तीन होतात तेव्हा. बाळाच्या तोंडात चोखणी देऊन ठेवली तरी तेवढं अंगावरचं चोखणं कमी होतं, हे सहसा लक्षात येत नाही.

तुमच्या हातात साधारण तीन महिने आहेत. पुढची पद्धत कोणती ते आताच ठरवा. कंडोम वापरणार असाल तर घरात आणून ठेवा, म्हणजे अट मोडली त्याच दिवसापासून वापरता येतील.

बाळ साडेचार महिन्यांचं झालं आणि आता रात्री सात-आठ तास सलग झोपतं. त्याला उठवून पाजायचं का?

बाळाचं वजन नीट वाढत असेल, तर त्याच्यासाठी उठवायची गरज नाही. गर्भधारणा टाळायची ही एकच पद्धत तुम्ही वापरत असाल, तर मात्र प्रश्न तुमच्यापुरता उरतो. एखाद्या रात्री सात तास गेले म्हणून लगेच बीज सुटत नाही. पण रोजच सात-आठ तासांची खंड पडू लागली, तर दुसरी अट ढिली झाली असं धरायचं. एक मार्ग म्हणजे तुम्ही झोपायला जाताना बाळाला अर्धवट झोपेतच पाजायचं आणि पहाटे जाग येताच पुन्हा घ्यायचं. ते जमत नसेल तर सोबत कंडोम वापरावा. आम्ही दुसरा मार्ग सुचवू, कारण थकलेल्या आईने गजर लावून उठण्यावर टिकणारी पद्धत फार दिवस टिकत नाही.

चौथ्या महिन्यात कामावर रुजू होणार आहे. दूध पंपाने काढून ठेवीन, बाळाला वरचं काहीच देणार नाही. मग अट पाळली जाते ना?

बाळाच्या पोषणाच्या दृष्टीने पाळली जाते, गर्भधारणा टाळण्याच्या दृष्टीने पुरती नाही. पंपाने किंवा हाताने काढलेल्या दुधामुळे मेंदूला जाणारा संदेश बाळाच्या चोखण्याइतका प्रभावी ठरत नाही. कामावर जाऊन दूध काढणाऱ्या मातांचा एक अभ्यास चिलीमध्ये झाला. त्यात सहा महिन्यांच्या शेवटी दिवस राहण्याचं प्रमाण १०० मागे ५ च्या किंचित वर आढळलं. बाळाजवळ राहणाऱ्या मातांच्या दुपटीहून ते अधिक आहे.

कामाच्या ठिकाणी दर चार तासांच्या आत दूध काढा, निघण्यापूर्वी आणि परतल्यावर लगेच अंगावर घ्या, रात्रीची पाजणी वाढवा. इतकं करूनही रुजू झाल्याच्या दिवसापासून दुसरं साधन जोडीला हवंच.

पाचव्या आठवड्यात अंगावरून जाणं थांबलं होतं. सातव्या आठवड्यात पुन्हा दोन दिवस लाल गेलं. ही पाळी समजायची का? मी फक्त अंगावर पाजते.

पूर्ण अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा ५६ व्या दिवसापर्यंतचा, म्हणजे आठ आठवड्यांपर्यंतचा रक्तस्राव पाळीत धरत नाहीत. गर्भाशय पूर्वपदावर येताना मध्येच असं जातं. ५६ व्या दिवसानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, तर ती पाळी समजायची, कमी गेलं असलं तरीही. त्या क्षणी पहिली अट संपली. ‘ही खरी पाळी नव्हती, नुसता डाग होता’ अशी स्वतःची समजूत घालणं ही इथली नेहमीची चूक आहे.

तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, गाठी, घाण वास, ताप किंवा ओटीपोटात दुखणं यांपैकी काही असेल, तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.

काही कारणाने पहिल्यापासून बाळाला वरचंच दूध आहे. आम्हाला कधीपासून काळजी घ्यावी लागेल?

तीन आठवड्यांपासून, म्हणजे २१ व्या दिवसापासून. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये बीज अगदी लवकर म्हणजे २५ व्या दिवशी सुटल्याची नोंद आहे, आणि शुक्रजंतू अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जगतात. बहुतेकींचं बीज यापेक्षा बरंच उशिरा सुटतं, पण आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळायला मार्ग नसतो. टाके दुखत असतील किंवा अंगावरून जाणं थांबलेलं नसेल, तर संबंध लांबवाच. सुरू कराल तेव्हा पहिल्या वेळेपासून कंडोम हवा. योनीतल्या स्रावाची लक्षणं वाचायची पद्धत (ती पुढच्या उत्तरात दिली आहे) साधारण चार आठवड्यांनंतर, स्राव नेहमीसारखा दिसू लागला की शिकता येईल.

बाळ सात महिन्यांचं आहे. वरचं खाणं सुरू झालं, अंगावरही पितं. पाळी अजून नाही. स्राव पाहून सुरक्षित दिवस ओळखता येतात म्हणे. नेमकं काय करायचं ते पायरीपायरीने सांगाल का?

या अंकातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच. पाळी नाही, त्यामुळे मोजायला पहिला दिवस नाही. दुधाचं संरक्षण ओसरत चाललंय, पण कधी संपेल ते ठाऊक नाही. अशा वेळी एकच खूण हाताशी असते, ती म्हणजे गर्भाशयाच्या मुखातून येणारा स्राव. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज दांपत्याने तिच्यावर आधारलेली पद्धत रूढ केली. तिचे नियम बाळंतपणानंतरच्या काळालाही लागू पडतात, फक्त सबुरी जास्त लागते.

आधी दोन आठवडे नुसती नोंद करायची, त्या काळात संबंध नकोत. दिवसभर चालता-बसताना योनिमुखाशी काय जाणवतं याकडे लक्ष द्या: कोरडं, ओलसर, की निसरडं. लघवीच्या आधी स्वच्छ कागदाने पुढून मागे पुसा आणि कागदावर काय आलं ते पाहा. बोट आत घालून तपासायचं नाही, कारण आत नेहमीच ओल असते आणि त्यावरून काही कळत नाही. रात्री झोपताना दिवसभरातलं सगळ्यात ओलं लक्षण वहीत लिहायचं. सकाळी कोरडं आणि दुपारी निसरडं असेल, तर त्या दिवसापुढे ‘निसरडं’ हाच शब्द पडतो.

दोन आठवड्यांत तुमचा मूळ नमुना कळेल. काहींना रोज कोरडं असतं. काहींना रोज थोडा पांढरट, चिकट स्राव असतो, पण त्याचा रंग, दाटपणा आणि जाणीव दिवसामागून दिवस तीच राहते. दोन्ही नमुने बीजकोष शांत असल्याचे आहेत. त्यात बदल झाला की सावध व्हायचं. कोरड्याचं ओलसर झालं, चिकटाचं पातळ झालं, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार येऊ लागली किंवा रक्ताचा डाग दिसला, यांतलं काहीही बदलच. काहीच दिसत नाही पण निसरडं मात्र जाणवतं, तर तोही बदल. डोळ्यांपेक्षा जाणिवेवर जास्त भर द्यावा.

मूळ नमुना चालू असलेल्या दिवसांत संबंध फक्त रात्री आणि एक दिवसाआड. रात्रीच का, तर दिवसभर नोंद झालेली असते म्हणून. दिवसाआड का, तर दुसऱ्या दिवशी वीर्य आणि संबंधावेळचा ओलावा अंगात राहतो आणि खरा स्राव झाकला जातो. बदल दिसला की थांबायचं. तो चालू आहे तोवर आणि मूळ नमुना परतल्यावर आणखी तीन दिवस थांबून चौथ्या रात्री मोकळीक.

समजा, सोमवारपर्यंत कोरडं होतं. मंगळवारी चिकट, बुधवारी निसरडं आणि गुरुवारी पुन्हा कोरडं झालं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस सोडायचे, रविवारी रात्री चालेल. शनिवारी पुन्हा ओल आली, तर आधीचे दिवस रद्द आणि ती ओल थांबल्यावर मोजणी एकपासून.

या काळात असे ओले पट्टे येतात आणि बीज न सुटताच ओसरतात. बीजकोष जागा होऊ पाहतो, बाळाचं पिणं वाढलं की मागे हटतो. त्यामुळे बुधवारी बीज सुटलं की नाही हे स्रावावरून ठामपणे सांगता येत नाही. सुटलं असेल तर शेवटच्या निसरड्या दिवसानंतर साधारण ११ ते १६ दिवसांत पाळी येते. पहिल्या एक-दोन चक्रांत हे अंतर याहूनही कमी असू शकतं. पाळी दिसेपर्यंत दिवसाआडचा नियम सोडायचा नाही.

चुका होतात त्या ठरावीक जागी. नोंद आठवणीने, तीन दिवसांची एकदम, केली जाते. दूध देणाऱ्या स्त्रीला संप्रेरकांच्या कमतरतेमुळे कोरडेपणा जाणवतो म्हणून वंगण वापरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच स्राव म्हणून वहीत येतं किंवा खरा स्राव त्याखाली लपतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही स्राव सुकतो. खाज, आग, वास किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. तो बरा होईपर्यंत वहीतल्या नोंदींवर विसंबता येणार नाही. बाळाच्या पिण्यात मोठा बदल, म्हणजे एखादी पाजणी बंद होणं, बाळाचं आजारपण, आईचा प्रवास, यांनंतरचे दोन आठवडे विशेष लक्ष द्यावं, पहिलं बीज अशाच वेळी सुटण्याचा संभव असतो.

आकडाही स्पष्टच सांगतो. स्रावाची पद्धत अगदी काटेकोर पाळली तर वर्षाला १०० पैकी ३ जणींना दिवस राहतात. सर्वसाधारण वापरात हा आकडा २३ पर्यंत जातो. मधल्या या वीस जणींपैकी बऱ्याच जणींना ‘आजचा दिवस संशयाचा आहे’ हे माहीत असतं. म्हणून ही पद्धत दोघांनी मिळून शिकायची असते. वही नवऱ्यानेही रोज पाहावी, शक्य तर शिकवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे दोघांनी जावं.

रोज सकाळी तापमान घेऊन बीज सुटल्याचं कळतं असं वाचलं. रात्री तीनदा उठावं लागतं, तरी उपयोग होईल का?

सध्या फारसा नाही. बीज सुटल्यावर शरीराचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरची अशी तीन तापमानं ओळीने मिळाली आणि तिसरं निदान ०.२ अंशाने वर असलं, की बीज सुटून गेलं असं धरतात. त्यासाठी अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज साधारण त्याच वेळी आणि निदान तीन तासांच्या सलग झोपेनंतर मोजावं लागतं. तापमापक दशांशानंतर दोन अंक दाखवणारा हवा, तापाचा नेहमीचा चालत नाही.

मोठी अडचण वेगळीच आहे. तापमान घटना घडून गेल्यावर सांगतं. पहिल्या बीजाची वाट पाहताना महिनोन्महिने आलेख सपाट राहतो, आणि सपाट आलेखावरून उद्याचं काही कळत नाही. पाळी सुरू झाली आणि बाळाची रात्र सुधारली की स्राव आणि तापमान मिळून पाहण्याची पद्धत उत्तम. नीट शिकून काटेकोर पाळली तर तिच्यात वर्षाला १०० मागे एकीलाही दिवस राहत नाहीत.

पहिली पाळी आली. मोबाइलमधलं ॲप आता सुरक्षित दिवस दाखवतं. ते पाळू का? बीज सुटण्याआधी कळवणाऱ्या लघवीच्या पट्ट्याही मिळतात.

ॲप एका पाळीवरून पुढचं गणित मांडतं आणि बाळंतपणानंतरची पहिली चक्रं गणितात बसत नाहीत. एक २४ दिवसांचं, पुढचं ४५ चं असं चालतं. दिवस मोजायच्या कोणत्याही पद्धतीसाठी निदान तीन पाळ्या होऊन चक्र पुन्हा नियमित व्हायला हवं. त्यानंतर चक्र २६ ते ३२ दिवसांत बसत असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ८ ते १९ हे दिवस टाळायचे. वर्षात दोनदा चक्र या मर्यादेबाहेर गेलं की ही पद्धत सोडायची.

पट्ट्या बीज सुटण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी रंग दाखवतात. मूल हवं असलेल्यांना तेवढं पुरतं. मूल नको असेल तर उशीर झालेला असतो, कारण चार दिवसांपूर्वीचे शुक्रजंतूही अजून जिवंत असू शकतात.

पहिलं मूल सिझेरियनने झालं. दुसरं हवं आहे, पण किती अंतर ठेवावं? तेवढा काळ नैसर्गिक पद्धतीवर राहावं का? (एका वाचक पित्याचा प्रश्न)

प्रसूतीपासून पुढचे दिवस राहीपर्यंत निदान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिझेरियननंतर तर याला जास्त महत्त्व, कारण दोन प्रसूतींमधलं अंतर दीड वर्षाहून कमी असेल, तर पुढच्या प्रसूतीच्या कळांत गर्भाशयावरचा जुना व्रण फाटण्याचा धोका वाढतो.

आमचं मत असं: चुकून लवकर दिवस राहिले तर ‘चला, ठीक आहे’ म्हणता येईल अशा जोडप्याने नैसर्गिक पद्धत जरूर शिकावी. तुमच्यासारख्यांनी पहिलं दीड वर्ष तरी केवळ स्रावावर सोडू नये. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा चार आठवड्यांनंतर बसवता येते आणि दुधावर तिचा काहीही परिणाम होत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने सहा महिन्यांपर्यंत टाळाव्यात.

निसरड्या दिवशी संबंध आला. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितं. आता काय?

लेव्होनॉर्जेस्ट्रेल या तातडीच्या गर्भनिरोधकाची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्या. जितकी लवकर घ्याल तितकी ती प्रभावी. दूध पाजणं थांबवावं लागत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. युलिप्रिस्टल ही तातडीची दुसरी गोळी मिळाली, तर ती घेतल्यावर किती काळ दूध काढून टाकायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे आणि पुढची चिंताही मिटते.

गोळीमुळे स्राव आणि पाळी दोन्ही विस्कटतात. पाळी येऊन जाईपर्यंत वहीतली लक्षणं ग्राह्य धरू नका, तोवर कंडोम वापरा. त्या संबंधाला तीन आठवडे झाले की लघवीची गर्भचाचणी करा. पाळी येतच नसल्यामुळे ‘पाळी चुकली’ ही खूण तुम्हाला मिळणार नाही, म्हणून चाचणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.